परसातलं धरण काढताना

घराबरोबर तळं मिळतंय म्हणून खूश झालेल्या आणि काही वर्षांनी एका सरकारी पत्राने झोप उडालेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात लहानमोठी मिळून तीन हजारांच्या आसपास धरणं आहेत. त्यातली पुष्कळशी जुन्या गिरण्यांना पाणी पुरवायला बांधलेली, आणि बरीचशी खाजगी मालकीची. गिरण्या कधीच बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, बांध मात्र खरेदीखतांमधून एका मालकाकडून दुसऱ्याकडे येत राहिले. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीतल्या दोन-तीन मराठी कुटुंबांनी मला याबद्दल विचारलं. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आम्ही २०१६ मध्ये इथलं घर घेतलं. राज्याच्या आग्नेय भागात, टॉंटन नदीच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यावर. मुख्य टॉंटन नदीवर समुद्रापर्यंत एकही धरण नाही, पण तिला मिळणाऱ्या ओढ्यांवर जागोजागी बांध. आमचा बांध साडेनऊ फूट उंच. आत दगड आणि माती, वर नंतर कधीतरी ओतलेलं काँक्रीट. मागे सहा एकरांचं तळं, त्यातला बराचसा भाग गाळाने भरून गुडघाभर खोल उरलेला. खरेदीच्या वेळी वकिलाने "तळ्याचा बांध तुमच्या हद्दीत आहे" एवढं एक वाक्य सांगितलं होतं.

त्या वाक्याचा अर्थ २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कळला. राज्याच्या धरण सुरक्षा कार्यालयाचं पत्र आलं: तपासणीची मुदत उलटून गेली आहे, आधीच्या मालकाच्या वेळच्या अहवालात बांधाची अवस्था 'पुअर' नोंदवलेली आहे, तरी नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासणी करून घेऊन पुढची योजना कळवा. इथला नियम असा: बांध सहा फुटांहून उंच असेल आणि साठा १५ एकर-फुटांहून (एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे एक एकर-फूट) जास्त असेल, तर तो कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. मग त्याचा धोक्याचा वर्ग ठरतो. हा वर्ग बांध मजबूत आहे की खिळखिळा यावर ठरत नाही. तो फुटला तर खालच्या अंगाला कोणाचं काय जाईल यावर ठरतो. 'हाय' वर्गाची तपासणी दर दोन वर्षांनी, 'सिग्निफिकंट'ची दर पाच, 'लो'ची दर दहा वर्षांनी, आणि सगळी मालकाच्या खर्चाने. आमच्या बांधाखाली एक रस्ता आणि चार घरं होती, म्हणून आमचा वर्ग 'सिग्निफिकंट'.

मी मूळची चिपळूणची. पत्र आलं त्याच्या तीनच महिने आधी, २ जुलैच्या रात्री, आमच्या तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं होतं. खालची वाडी वाहून गेली, माणसं गेली. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत होत्या हे सगळ्यांनी वाचलेलं होतं. त्यामुळे पत्रातला 'सीपेज', म्हणजे पाझर, हा शब्द वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती चार घरं उभी राहिली. त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात होती.

बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांना फोटो पाठवले. त्यांनी बाकी काही बोलायच्या आधी विचारलं, "भरावावर झाडं किती मोठी आहेत गो?" मोठी होती, दोन तर कवेत न मावणारी. "मुळं कुजली की पाणी त्याच वाटेने येतं. सांडव्याच्या बाजूला ओल आहे का ते बघ, आणि पाणी गढूळ येतंय का ते बघ. स्वच्छ पाझर चालतो, गढूळ नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून बांधाच्या पायथ्याशी उतरले. पाणी स्वच्छ होतं. त्या एका गोष्टीवर आम्ही तो हिवाळा काढला.

तपासणीला काही हजार डॉलर लागले. इंजिनिअरने दिलेल्या अंदाजानुसार दुरुस्तीला चार लाख डॉलरच्या आसपास खर्च होता: सांडवा रुंद करणं, झाडं काढून भराव नव्याने दाबणं, गेट बदलणं. आणि त्यानंतरही दर पाच वर्षांची तपासणी, आपत्कालीन आराखडा, विमा हे कायमचं. आमच्या घराची किंमत पाहता हा आकडा आम्हाला पेलणारा नव्हता. त्याच अहवालाच्या शेवटी दोन ओळींत लिहिलं होतं की बांध काढून टाकण्याचा पर्यायही विचारात घ्यावा, आणि त्याला अनुदान मिळू शकतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ बोललेच नाहीत. तीस वर्षं ज्यांनी पाणी अडवायची कामं केली त्यांना मुलगी पाणी सोडायचं म्हणत होती. मग विचारलं, "त्या पाण्यावर कोण अवलंबून आहे? शेती? नळयोजना?" कोणीच नाही, मी म्हटलं. वीजही नाही. "मग ते कोणासाठी अडवलंय?" पुढे जवळजवळ प्रत्येक बैठकीत हा प्रश्न मला उपयोगी पडला. आणि हेही इथेच सांगते: ज्या धरणावर गावाचं पिण्याचं पाणी किंवा रब्बीचं पीक उभं आहे, त्याला या अनुभवाची फूटपट्टी लावू नये. मी लिहिते आहे ते काम संपलेल्या बांधांबद्दल.

अनुदान का मिळतं, याचं उत्तर मासे. या किनाऱ्यावर एलवाइफ आणि ब्लूबॅक नावाचे दोन मासे आहेत, दोघांना मिळून रिव्हर हेरिंग म्हणतात. ते गोड्या पाण्यात जन्मतात, पिल्लं शरदात समुद्रात उतरतात, तीन-चार वर्षं तिथे वाढतात आणि वसंतात अंडी घालायला पुन्हा नदीत चढतात. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे वर सरकतात आणि सगळी वाडी कंदील घेऊन पऱ्ह्यावर जाते. इथे फक्त पावसाच्या जागी एप्रिलचं ऊन आहे. फरक एवढाच की कोकणातला मासा डोहातून भातखाचरापर्यंत जातो आणि हेरिंग अटलांटिकमधून येतो. साडेनऊ फुटांची भिंत त्याला ओलांडता येत नाही. अशा शेकडो भिंती, त्यात समुद्रातली मासेमारी, यामुळे हेरिंग इतका घटला की २००६ पासून राज्याला तो पकडण्यावर बंदी घालावी लागली. बंगाल्यांचा हिलसा, आपला पाला, हा या हेरिंगचा जवळचा नातेवाईक. गंगेवर १९७५ साली फरक्का बराज सुरू झाल्यावर वरच्या गंगेतली हिलशाची मासेमारी कशी बसली, हे बाबांनीच मला सांगितलं. खात्यात असताना त्यांनी त्याबद्दल वाचलं होतं.

२०२० च्या जानेवारीत राज्याच्या पर्यावरण पुनरुज्जीवन विभागाला पत्र लिहिलं. हा विभाग मासे आणि वन्यजीव खात्याच्या छत्राखाली येतो आणि अशा प्रकल्पांना तांत्रिक मदत, निधी आणि मुख्य म्हणजे दिशा देतो. कोणालाही माझा पहिला सल्ला हाच: इंजिनिअर नेमण्यापूर्वी या विभागाशी बोला. अर्जात त्यांना हवं असतं ते साधं आहे. बांध कोणाचा, मालकाची खरोखर इच्छा आहे का, वरच्या अंगाला किती लांबीचा प्रवाह मोकळा होईल, खालच्या अंगाला समुद्रापर्यंत वाट मोकळी आहे का, गाळात विषारी काही असण्याची शक्यता किती. आमच्या खाली एकही अडथळा उरलेला नव्हता आणि वर एक नैसर्गिक तळं होतं. ते महत्त्वाचं ठरलं, कारण एलवाइफला अंडी घालायला संथ पाणी लागतं. "तळं काढून तुम्ही माशांचीच जागा घालवताय" असं आम्हाला पुढे अनेकांनी सुनावलं. त्याचं उत्तर हे वरचं तळं होतं, जिथवर मासा आजवर पोचतच नव्हता.

मग कोविड आला आणि सगळं थांबलं. विभागाचं होकाराचं पत्र आलं तेव्हा २०२० ची पानगळ सुरू झालेली होती.

गाळ हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा विषय आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. धरण काढणं म्हणजे भिंत पाडणं असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात भिंतीमागे दीडशे-दोनशे वर्षं साचलेलं जे आहे, त्याचं काय करायचं हा खरा प्रश्न. आधी कागदावरचा शोध: गिरणीत काय काय चाललं, वरच्या अंगाला कोणते कारखाने होते, कुठे कचरा टाकला जायचा. आमच्या इथे आधी कापड, मग धातूचं बारीक काम झालेलं. मग नावेतून लोखंडी सळई खुपसून गाळाची जाडी मोजली, नळ्या घालून नमुने काढले, आणि तुलनेसाठी तळ्याच्या वरचा आणि बांधाच्या खालचा नमुनाही घेतला. जड धातू, तेलजन्य संयुगं, पीसीबी (जुन्या विजेच्या उपकरणांतली विषारी रसायनं) अशा चाचण्या. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंतचे आठवडे मला सर्वांत जड गेले, कारण गाळ फार दूषित निघाला तर तो उचलून नेऊन विल्हेवाट लावण्याचा खर्च सगळा प्रकल्प बुडवू शकतो. अहवालात बांधाला लागून असलेल्या एका पट्ट्यात शिसं आणि आर्सेनिक वाढलेलं निघालं. बाकी गाळ खालच्या ओढ्यात आधीपासून असलेल्या गाळासारखाच. ठरलं असं की तो पट्टा खणून बाहेर न्यायचा आणि उरलेल्यातून ओढ्याला आपली वाट कोरू द्यायची.

याच काळात आम्ही शेजाऱ्यांना घेऊन टॉंटन शहरातल्या मिल नदीवर गेलो. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये संततधार पावसात तिथलं व्हिटेंटन तळ्याचं जुनं लाकडी धरण फुटायच्या बेतात आलं आणि शहराच्या मध्यभागातल्या सुमारे दोन हजार लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्या नदीवरचे बांध एकेक करून काढले गेले: हॉपवेल मिल्सचा २०१२ मध्ये, व्हिटेंटनचा २०१३ मध्ये, वेस्ट ब्रिटानियाचा २०१८ मध्ये. सर्वांत वरचा मोरीज ब्रिजचा बांध मात्र ठेवला, कारण त्यामागचा तलाव लोकांना हवा होता. तिथे माशांसाठी पायऱ्यांची वाट बांधली. आमच्या शेजाऱ्यांना हे दोन्ही शेजारीशेजारी बघता आलं. आम्हीही आमच्या इथे मत्स्यमार्गाचा विचार केला होता. पण त्यात बांध तसाच राहतो, त्याची जबाबदारीही, आणि पायऱ्यांची देखभाल वर येते. विचार करणाऱ्यांनी हा पर्याय कागदावर मांडून मगच सोडावा. परवानगी देणारे तो विचारतातच.

२०२१ सगळं आराखड्यात गेलं. पुराचं गणित संगणकावर मांडलं गेलं. खालच्या लोकांची सर्वांत मोठी भीती होती की बांध गेला की पूर येईल. असे छोटे गिरणीबांध कायम काठोकाठ भरलेले असतात. त्यात पुराचं पाणी साठवायला जागाच नसते, त्यामुळे ते पूर थोपवत नाहीत. गणितात पुराची पातळी खालच्या घरांपाशी वाढत नव्हती आणि वरच्या अंगाला कमी होत होती. तरी लोकांना आकडे दाखवण्यापेक्षा, मागच्या मोठ्या पावसात तळं किती भरलेलं होतं याचे त्यांचेच फोटो मागवणं जास्त उपयोगी पडलं.

दुसरा अनपेक्षित विषय जमिनीचा. तळं आटलं की खालची जमीन कोणाची? वकिलाने हस्तलिखित काळातली खरेदीखतं काढली. गिरणीमालकाला वरच्या लोकांच्या जमिनीवर पाणी चढवण्याचा हक्क होता, तो आमच्याकडे आलेला होता; आणि तीन शेजाऱ्यांच्या हद्दी "तळ्याच्या काठापर्यंत" अशा लिहिलेल्या होत्या. काठच सरकला तर हद्द कुठे? मोजणी करून, प्रत्येकाशी लेखी करार करून हे मिटवलं. हे काम आधी करा. परवानग्या मिळाल्यावर हद्दीचं भांडण निघालं तर निधीची मुदत निघून जाते.

समोरच्या काठावर एक आजोबा राहायचे. त्यांच्या वडिलांनी याच तळ्यावर बर्फ कापून विकलेला, आणि त्यांनी स्वतः मुलांना इथेच स्केटिंग शिकवलेलं. त्यांना माशांचं म्हणणं कळत होतं, पण तळं जाणार हे त्यांना सहन होत नव्हतं. मी त्यांना पटवायला दोनदा गेले आणि मग थांबले, कारण त्यांचं दुःख खोटं नव्हतं. बाबा २०२२ च्या उन्हाळ्यात आले तेव्हा हे दोघे बाकावर बसून अर्धंमुर्धं इंग्रजी बोलत राहायचे. बाबांनी बांधाचे दगड हात लावून पाहिले, चुन्याची दर्ज बघितली आणि आजोबांना म्हणाले, ज्याने बांधलं त्याने मन लावून बांधलंय. आजोबांनी त्यानंतर त्यांच्याकडचे जुने फोटो आम्हाला दिले.

ते फोटो थेट कागदपत्रांत लागले. राज्याच्या ऐतिहासिक आयोगाला प्रकल्पाची सूचना द्यावी लागते, आणि केंद्राचा पैसा किंवा परवानगी असेल तर इथल्या मूळच्या वॉम्पनोआग जमातींच्या वारसा अधिकाऱ्यांनाही कळवलं जातं. हेरिंग वॉम्पनोआग लोकांच्या अन्नात आणि शेतीत शेकडो वर्षांपासून आहे. मक्याच्या खाली खत म्हणून तो पुरला जाई. आयोगाने अट घातली की पाडण्यापूर्वी बांधाची आणि पाणचक्कीच्या चराची मापं, रेखाचित्रं, फोटो यांची नोंद करावी आणि एका बाजूचा दगडी खांब जागेवर ठेवावा. तो खांब आजही उभा आहे.

परवानग्यांची यादी बघून घाबरू नका, पण ती लहानही समजू नका. धरण सुरक्षा कार्यालयाचा बदलाचा परवाना, जलमार्गांचा परवाना, पाण्याच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र, लष्कराच्या अभियंता विभागाची केंद्रीय परवानगी, राज्याच्या पर्यावरण पुनरावलोकनासाठी पाक्षिकात सूचना आणि तिच्यावर लोकांच्या हरकतींची मुदत. या सगळ्यांत आपल्याला प्रत्यक्ष तोंड द्यावं लागतं ते गावच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनला, म्हणजे ओढे आणि पाणथळ जागा जपणाऱ्या समितीला. 'नोटीस ऑफ इंटेंट', म्हणजे कामाचा अर्ज, दाखल केली की २१ दिवसांत जाहीर सुनावणी सुरू करावी लागते. शंभर फुटांच्या आतल्या सगळ्या शेजाऱ्यांना रजिस्टर टपालाने कळवायचं. पोच म्हणून परत येणारी हिरवी कार्डं एका पाकिटात जपून ठेवा, सुनावणीत ती मागतात. आमची सुनावणी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि दर वेळी काही नवीन माहिती मागून पुढे ढकलली जात फेब्रुवारीपर्यंत चालली.

या ढकलाढकलीचा मला राग येत असे. आज मागे वळून पाहते तेव्हा त्यातला प्रत्येक प्रश्न कोणाच्यातरी वतीने विचारलेला होता, हे दिसतं. गाळाचा प्रश्न खालच्या अंगाला पोहणाऱ्या मुलांच्या वतीने, खरेदीखतांचा शेजाऱ्यांच्या वतीने, मापं-फोटोंचा बांधणाऱ्या गवंड्यांच्या वतीने. आणि एक प्रश्न आजोबांनी स्वतः विचारला. शेवटच्या सुनावणीला ते काठी टेकत आले आणि म्हणाले, माझी विहीर उथळ आहे, तळं उतरलं की तिचं पाणी उतरेल का? उत्तर कोणाकडेच ठाम नव्हतं. म्हणून आदेशात अट आली: काम सुरू होण्याआधीपासून त्यांच्या विहिरीची पातळी मोजायची, आणि ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली तर प्रकल्पाच्या खर्चाने विहीर खोल करून द्यायची. आजोबांनी शेवटपर्यंत प्रकल्पाला पाठिंबा दिला नाही. पण त्यांच्या प्रश्नाला आदेशात स्वतंत्र कलम मिळालं. (पुढे विहीर खोल करावी लागली, आणि ठरल्याप्रमाणे ती करून दिली.)

सुनावणी संपल्यावर २१ दिवसांच्या आत 'ऑर्डर ऑफ कंडिशन्स', म्हणजे अटींसह परवानगी, मिळते. दहा कामकाजाचे दिवस अपिलासाठी. मग ती ऑर्डर रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये (खरेदीखतं नोंदवतात त्या कार्यालयात) नोंदवायची, नोंदणीचा पुरावा कमिशनला द्यायचा आणि फाइल क्रमांकाची पाटी जागेवर लावायची. एवढं झाल्याशिवाय कुदळ लावता येत नाही. ऑर्डर तीन वर्षं चालते, म्हणून निधी पक्का होण्याच्या बेताने अर्ज करावा.

पैशांचं थोडक्यात सांगते. अभ्यास, आराखडा, परवानग्या आणि काम मिळून सारा खर्च आठ लाख डॉलरच्या घरात गेला. त्यातला मोठा वाटा राज्य आणि केंद्राच्या अनुदानांतून आला. आमच्या खिशातून तपासणी, वकील, मोजणी, टपाल, विमा असे मिळून तीस हजारांच्या आसपास गेले. हे कमी नाही, पण दुरुस्तीच्या आकड्यापुढे ते आम्हाला झेपलं. अनुदान बहुतेक वेळा खर्च झाल्यावर परत मिळतं. म्हणून पैसे सांभाळायला एखादी स्थानिक नदीसंस्था किंवा टाउन सोबत असलं तर बरं. सार्वजनिक पैसा असल्यामुळे कंत्राटासाठी निविदा काढाव्या लागल्या, त्यात आणखी दोन महिने.

वसंतात मासे चढतात तेव्हा पाण्यात काम करायला मनाई असते. त्यामुळे काम २०२३ च्या ऑगस्टमध्ये, पाणी कमी असताना सुरू झालं. तळं एकदम रिकामं करत नाहीत. रोज जेमतेम अर्धा फूट उतरवायचं, म्हणजे काठ ढासळत नाहीत आणि शिंपल्यांना सरकायला वेळ मिळतो. मागे राहिलेले शिंपले आम्ही बादल्यांत गोळा करून, ओली फडकी घालून वरच्या प्रवाहात नेऊन ठेवले. शाळेतली मुलं आली, आमच्या शेजारच्या गावातली दोन मराठी कुटुंबं आली. गाळाचा वास पहिले दोन आठवडे उग्र होता. शेजाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा. दूषित पट्टा खणून झाकलेल्या ट्रकांतून गेला. मग काँक्रीट फोडणारा ब्रेकर लागला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मधलं काँक्रीट एका सकाळीच उतरलं.

११ सप्टेंबरला आमच्याच राज्यातल्या लेओमिन्स्टर शहरात काही तासांत नऊ इंचांच्या आसपास पाऊस कोसळला आणि तिथल्या एका बांधाखालच्या लोकांना घराबाहेर काढावं लागलं. आमच्याकडे तोवर बांधाच्या मधोमध मोकळी वाट होती. त्या रात्री खालच्या घरातल्या, मुलाच्या वर्गमैत्रिणीच्या आईचा मेसेज आला की ती आज झोपणार आहे. मी तो बाबांना वाचून दाखवला.

उघड्या पडलेल्या गाळावर लगेच देशी गवताचं बी फेकायचं असतं, नाहीतर फ्रॅगमायटीससारखी आक्रमक झाडं जागा घेतात. गाळात जुनं बीही दडलेलं असतं. थंडी पडायच्या आतच तिथे हिरवं धरलं. ओढ्याने त्या हिवाळ्यात दोनदा वाट बदलली आणि मग जुन्या गोट्यांवर स्थिरावला.

२०२४ च्या एप्रिलच्या शेवटी हेरिंग आमच्या हद्दीतून वर गेले. थवा लहान होता. स्वयंसेवक ठरलेल्या वेळी दहा मिनिटं उभं राहून मोजतात, तशी आम्हीही नोंद ठेवली. त्याच शरदात पश्चिम किनाऱ्यावर क्लॅमथ नदीवरची चार मोठी धरणं काढून झाली आणि काही आठवड्यांतच सामन मासे त्या जागेच्या वर पोचले. बाबांचा फोन आला. त्यांनी ती बातमी पूर्ण वाचली होती आणि त्यांना गाळाचे आकडे हवे होते.

झाडं दोन हंगाम तगली की कमिशन पाहणी करून पूर्ततेचं प्रमाणपत्र देतं. ते आम्हाला २०२५ च्या नोव्हेंबरात मिळालं. हे प्रमाणपत्रही रजिस्ट्रीत नोंदवायला विसरू नका. ते नोंदवलं नाही तर घर विकताना जुनी ऑर्डर आड येते. धरण सुरक्षा कार्यालयाच्या यादीतून बांधाचं नाव कमी केल्याचं पत्र वेगळं मागून घ्या आणि विम्याच्या कंपनीला त्याची प्रत पाठवा.

एक काम उरलं आहे. आमच्यापासून अर्ध्या मैलावर, वरच्या तळ्याच्या अलीकडे, रस्त्याखालून एक अरुंद गोल मोरी जाते. तिचं खालचं तोंड ओढ्याच्या तळापासून उंच लटकलेलं आहे आणि दोन्ही वर्षी हेरिंग तिथेच घोळका करून थांबले. टाउन ती बदलायला तयार आहे. राज्याच्या मानकानुसार नवी मोरी ओढ्याच्या काठोकाठच्या रुंदीच्या १.२ पट हवी आणि तिचा तळ नैसर्गिक गोट्यांचा हवा; टाउनच्या पहिल्या आराखड्यात ती त्याहून अरुंद दाखवली आहे. सुनावणी फेब्रुवारीत आहे. तिथल्या शंभर फुटांत आमचं घर येत नाही, पण जाहीर सुनावणीत कोणीही बोलू शकतं. रुंदीबद्दलचं लेखी निवेदन मी दिलं आहे, आणि त्यावर आजोबांनीही सही केली आहे.